विश्वासाने तारण, मग न्याय कृत्यांप्रमाणे कसा? तरुण संघाच्या अभ्यासासाठी मदत हवी

शरणपूररोड_वाचक

सर्वांना सलाम. आगमनकाळाच्या (नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांच्या) आधीच्या चार रविवारी तरुण संघात शेवटच्या न्यायावर अभ्यास घ्यायचा आहे. उपासनेनंतर ४५ मिनिटं मिळतात. मुलं १७ ते २५ वयाची, बहुतेक नाशिकरोड आणि गंगापूर रोडकडची कॉलेजला जाणारी. त्यांचे ख्रिस्ती नसलेले मित्रही अधूनमधून येऊन बसतात, आणि प्रश्न तेच जास्त विचारतात.

तीन ठिकाणी अडतंय. रोमकरांस पत्र ३:२८ म्हणतं, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. त्याच पत्राचं २:६ म्हणतं, देव प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे फळ देईल. हे दोन्ही एका वर्गात कसं शिकवायचं? दुसरं, मित्र विचारतात, "जसं कर्म तसं फळ हे आम्हाला समजतं. तुमच्याकडे माफी मागितली की माणूस सुटला, मग ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?" तिसरं, जवळपास २००० वर्षं झाली, तो दिवस आलेला नाही. तरी तो नक्की येणार हे कशाच्या आधारावर सांगायचं?

आणि सुरुवात कुठून करू? संघातल्या काहींचा आग्रह प्रकटीकरण २० चा आहे.

जुनाकरार

प्रकटीकरण २० पहिल्या रविवारी नको. पांढरं राजासन, उघडलेली पुस्तकं, अग्नीचं सरोवर एकदम समोर आलं की वर्ग त्यातच अडकतो: आग खरी की प्रतीक, ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं त्याच्या पुनरागमनाच्या आधी की नंतर. न्यायाधीश कोण हा प्रश्न मागे पडतो, आणि सगळं तर त्याच्यावरच उभं आहे. तो अध्याय चौथ्या रविवारी घ्या.

सुरुवात प्रेषितांची कृत्ये १७:२२-३१ ने करा. पौल अथेनैत (अथेन्समध्ये) अरीयपग नावाच्या ठिकाणी बोलतोय. समोर एपिकूरपंथी आणि स्तोयिक तत्त्वज्ञ, मोशेचं नियमशास्त्र त्यांना ठाऊक नाही. म्हणून तो शास्त्रवचनं न काढता सृष्टीपासून सुरू करतो आणि ३१व्या वचनावर येतो: दिवस नेमलेला आहे, न्याय करणारा मनुष्य नेमलेला आहे, आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवून सर्वांना त्याचं प्रमाण दिलेलं आहे. म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच रविवारी येतं. न्यायाच्या दिवसाची खात्री घडून गेलेल्या एका गोष्टीवर टेकलेली आहे. भूकंप, युद्धं, बातम्या यांवर ती टेकलेली नाही. पुनरुत्थान झालंच नसेल तर ख्रिस्ती माणसाने न्यायाच्या दिवसाचा दावा करू नये. त्या स्थितीत आम्ही देवाविषयी खोटे साक्षीदार ठरतो, असं १ करिंथ १५:१५ मध्ये पौल स्वतःच सांगतो. तुमच्या वर्गातल्या ख्रिस्ती नसलेल्या मुलांशी हे इतक्याच सरळपणे बोला. अथेनैतही काहींनी थट्टा केली, काहींनी "पुन्हा ऐकू" म्हटलं, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला (३२-३४).

त्याला जोडून लूक २३ घ्या. रोमन सुभेदार पिलात येशूविषयी तीनदा म्हणतो की या माणसात मला दोष सापडत नाही (वचनं ४, १४, २२), आणि तरी शिक्षा देतो. शेवटच्या दिवशी न्यायासनावर बसणारा येशू स्वतः खोट्या निकालाखाली मेलेला आहे. हे न सांगता न्यायावर बोललं की ऐकणाऱ्याच्या मनात उरते ती नुसती धास्ती.

आता रोम २ आणि ३. दोन्ही वाक्यं एकाच पत्रात, एकाच युक्तिवादात आहेत, तेव्हा एकाला झाकून दुसरं शिकवणं हा मार्ग नाही. रोम २:६-११ विषयी भाष्यकारांची दोन मुख्य मतं आहेत. एक म्हणतं, पौल इथे फक्त मापदंड सांगतोय: कोणी पूर्ण चांगलं वागला तर त्याला जीवन, पण ३:२३ पर्यंत कळतं की तसा कोणी नाही. दुसरं म्हणतं, न्याय खरोखरच कृत्यांप्रमाणे होणार आहे, विश्वासणाऱ्यांचासुद्धा, पण कृत्यं तिथे पुरावा म्हणून मांडली जातील. ती तारणाची किंमत नाहीत. मला दुसरं पटतं, कारण २ करिंथ ५:१० मध्ये पौल मंडळीलाच लिहितोय आणि "आपण सर्वांना" ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभं राहायचं आहे असं म्हणतो. रोम १४:१०-१२ मध्येही तेच. याकोब २:१७ आणि गलती ५:६ शेजारी ठेवलं की वर्गाला दिसतं: विश्वास एकट्याने तारतो, पण तो विश्वास एकटा राहत नाही.

करिंथकरांना ते न्यायासन कल्पनेने बघावं लागत नव्हतं. त्यांच्या शहराच्या चौकात उंच दगडी चौथरा होता, उत्खननात तो सापडलेला आहे. रोमन सुभेदार गल्लियोपुढे पौलाला उभं केलं ते न्यायासन (कृत्ये १८:१२-१७) बहुधा हेच. डेल्फीच्या शिलालेखामुळे गल्लियोचा काळ इ.स. ५१-५२ च्या आसपास ठरतो. चौथऱ्याचा फोटो दाखवा, मुलांना वचन लगेच धरता येतं.

एक घसरण नेहमी होते. १ करिंथ ३:१०-१५ मधलं सोनं, रुपं, मोलवान रत्नं, लाकूड, गवत, पेंढा हे सरसकट प्रत्येकाच्या आयुष्याला लावतात. तो उतारा आधी मंडळी बांधणाऱ्यांविषयी आहे: पौल, अपुल्लोस, आणि आज वर्ग घेणारे तुम्ही. काम जळून जाईल, करणारा तारला जाईल, पण जणू काय आगीतून. शिकवणाऱ्यांनी तो स्वतःला लावून वाचावा आणि मगच मुलांना द्यावा.

हिशेबवही

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तिथे आपण बहुतेक वेळा कच्चं उत्तर देतो.

"कर्मफळ चुकीचं" अशी सुरुवात करू नका. पेराल तेच कापाल हे गलती ६:७ मध्ये आहेच, आणि मित्राला ते आपलंच वाटेल. फरक पुढे आहे. आपल्या श्रद्धेत हिशेब एखाद्या नियमाने आपोआप होत नाही, तो एक न्यायाधीश करतो. तो ऐकतो, मनातलं जाणतो, साक्ष तपासतो, आणि क्षमा करायचीच असेल तर तिचा भार स्वतः उचलतो. रोम ३:२५-२६ याचसाठी आहे: देव स्वतः न्यायी राहून पाप्याला नीतिमान कसा ठरवतो. वधस्तंभाशिवाय क्षमा म्हणजे फाइल बंद करणं झालं असतं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्यावर तो दुसरा अन्याय.

पण मित्राचा प्रश्न जास्त जमिनीवरचा आहे: नुकसान झालेल्याचं काय? इथे लेवीय ६:१-७ काढा. एखाद्याने ठेव बुडवली, लुबाडलं, सापडलेली वस्तू नाकारली, तर मूळ रक्कम पूर्ण परत आणि वर पाचवा हिस्सा. वर्गात फळ्यावर हिशेब मांडा: ५०,००० रुपये बुडवले असतील तर १०,००० वरचे, एकूण ६०,०००. आणि क्रम बघायला लावा. आधी मालकाला द्यायचं (वचन ५), मग दोषार्पणाचा मेंढा (वचन ६). येशू मत्तय ५:२३-२४ मध्ये हाच क्रम ठेवतो: अर्पण वेदीपुढे राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं असेल तर चौपट, बैल असेल तर पाचपट (निर्गम २२:१).

मग जक्कय, यरीहोचा श्रीमंत जकातदार. लूक १९:८ मध्ये तो निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट द्यायला निघतो, म्हणजे मेंढरू चोरणाऱ्याचा दंड स्वतःहून लावून घेतो. येशू त्याच्या घरी उतरायचं ठरवतो ते आधी (१९:५), जक्कयचं वचन नंतर. तारण त्याने विकत घेतलं नाही. पण ते मिळालं आहे हे यरीहोतल्या लुबाडलेल्या लोकांच्या हातात पैसे पडल्यावर कळतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यात आहे.

दावीद राजाचं उदाहरण एका वाक्यात द्या: नाथान संदेष्टा त्याला पापाची क्षमा सांगतो आणि त्याच दमात परिणामही (२ शमुवेल १२:१३-१४). क्षमा झाली म्हणजे परिणाम पुसले जात नाहीत.

निफाडकर

उशिराबद्दल मत्तय १३:२४-३० आणि ३६-४३ घ्या: गव्हाच्या शेतात वैरी निदण पेरतो, नोकर ते उपटू म्हणतात, धनी कापणीपर्यंत थांबा म्हणतो. आपल्या भागात हा दाखला समजावायला फार बोलावं लागत नाही.

गव्हात जे निदण पेरलं गेलं ते बहुधा लोलियम जातीचं गवत. पोटरीत येईपर्यंत पात गव्हासारखीच असते. ओंबी आली की फरक दिसतो: गव्हाची ओंबी भरीव, हिची चपटी, दाण्यांचे झुबके दांड्याला कडेने चिकटलेले. दाणा बारीक. त्यात बुरशी वाढते आणि पिठात गेला तर चक्कर, उलट्या होतात. म्हणून ते शेतात राहू देणं धन्यालाही परवडणारं नव्हतं. तरी तो थांबतो, कारण तोवर मुळं एकमेकांत गेलेली असतात आणि एक उपटताना दुसरं हाताला येतं. नोव्हेंबरात पेरून मार्चमध्ये गहू काढणाऱ्या माणसाला विचारा, उशिरा केलेल्या खुरपणीत पिकाचं काय होतं ते तो सांगेल. उशीर हा गव्हाच्या जिवासाठी आहे. न्याय टळलेला नाही, कापणीची वेळ ठरलेली आहे आणि कापणारेही ठरलेले आहेत. नोकर ते नाहीत.

हा दाखला चुकीचा लावला जातो तो असा: "मंडळीत कोणी काहीही करो, आपण उपटायचं नाही." वचन ३८ वाचा, शेत हे जग आहे. मंडळीतल्या दोषाची रीत मत्तय १८:१५-१७ मध्ये वेगळी दिलेली आहे: आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे.

२ पेत्र ३:९ आणि रोम २:४ सोबत ठेवा, देवाची सहनशीलता पश्चात्तापासाठी आहे. पण उपदेशक ८:११ सुद्धा वाचा: निकाल लवकर लागत नाही म्हणून माणसांचं मन वाईट करायला धजतं. पवित्र शास्त्र उशिराचा धोका लपवत नाही, हे मुलांना दिसू द्या.

तारखा काढणाऱ्यांचे व्हिडिओ मुलांच्या फोनवर असणारच. मार्क १३:३२ पुरेसं आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. तो आला आणि गेला.

आगमन_मिस्सा

मी कॅथलिक बाजूने थोडी भर घालते, कारण नाशिकरोडची मुलं असतील तर बाळ येशूच्या मंदिराकडची काही नक्की येणार, आणि "मेल्यावर लगेच न्याय की शेवटी?" हा प्रश्न निघणार.

आमच्या शिकवणीत दोन्ही आहेत. प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय मृत्यूनंतर लगेच, आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या वेळी सर्वांचा सार्वजनिक न्याय. पहिल्याबद्दल १३३६ मध्ये पोप बेनेडिक्ट बारावे यांनी स्पष्ट जाहीर केलं की शुद्ध आत्मे शेवटच्या दिवसाची वाट न पाहता देवाचं दर्शन घेतात. परगेटरी ही दुसरी संधी नाही, हे आमच्यातलेही विसरतात. देवाच्या कृपेत मेलेल्यांची ती शुद्धी आहे, निकाल आधीच झालेला असतो. २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतो ती याच समजुतीने. प्रोटेस्टंट मंडळ्या हे मानत नाहीत. १६४६ चा वेस्टमिन्स्टरचा मतांगीकार (प्रोटेस्टंट श्रद्धेचं लेखी निवेदन) आत्मा लगेच स्वर्गात किंवा नरकात जातो आणि शेवटी सर्वांचा न्याय होतो एवढंच सांगतो. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) १९७० मध्ये वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन झाली, म्हणून तुमच्या स्वतःच्या वर्गातही घराघरांत वेगळी पार्श्वभूमी असेल. मतभेद नाव घेऊन सांगा आणि पुढे जा.

मग शेवटी पुन्हा न्याय कशाला? थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. माणूस मरतो पण त्याचं कृत्य चालू राहतं: मुलांत, लोकांच्या आठवणीत, त्याने ज्यांना फसवलं किंवा शिकवलं त्यांच्यात. चांगल्या माणसाची बदनामी त्याच्यामागे टिकते, वाईट माणसाचा पुतळाही टिकतो. ते सगळं वाहून पूर्ण झाल्याशिवाय एका माणसाच्या आयुष्याचा पुरता हिशेब लागत नाही. म्हणून तो इतिहासाच्या शेवटी, आणि सर्वांसमक्ष.

मत्तय २५:३१-४६ कुठल्या रविवारी घेणार ते आधी ठरवा. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात पहिल्या वर्षी ख्रिस्तराजाच्या सणाला, म्हणजे आगमनकाळाआधीच्या शेवटच्या रविवारी, तेच शुभवर्तमान असतं. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. या सहांना मदत करणाऱ्यांना आपण कोणाला मदत केली हे ठाऊकच नव्हतं, हे मुलांच्या नजरेतून सुटतं. दोन्ही बाजूंचा प्रश्न एकच आहे: "प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?"

कायदा_आणि_कृपा

वर सगळं चांगलं आलंय. एक गोष्ट राहिली आणि ती राहिली तर अभ्यासाने नुकसान होऊ शकतं.

"न्याय देवावर सोड." हे वाक्य आपल्या मंडळ्यांत मार खाणाऱ्या बायकांना, फसवल्या गेलेल्या विधवांना, हात लागलेल्या मुलांना सांगितलं जातं, आणि त्यांचं तोंड बंद होतं. आधार रोम १२:१९ चा देतात. त्या वचनात स्वतः सूड घेऊ नका एवढंच आहे. सहाच वचनं पुढे जा, रोम १३:४: दुष्कृत्य करणाऱ्याला शासन करायला अधिकारी देवाचा सेवक म्हणून नेमलेला आहे. तक्रार करणं, एफआयआर नोंदवणं, कोर्टात साक्ष देणं हा सूड नव्हे. पौलाने स्वतः रोमन नागरिकत्वाचा हक्क सांगितला (कृत्ये २२:२५) आणि कैसराकडे दाद मागितली (२५:११). मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळक किंवा संडे स्कूलच्या शिक्षकांनीसुद्धा. प्रकरण मंडळीतच मिटवायला मत्तय १८ वापरू नका, ते गुन्हा झाकण्यासाठी दिलेलं नाही. लूक १८:१-८ मधली विधवा पुन्हा पुन्हा न्यायाधीशाकडे जाते आणि "माझा न्याय करा" म्हणते. येशूने प्रार्थनेचा नमुना म्हणून तिला उभं केलं आहे.

दुसरी चूक उलट बाजूची. अपघात, पूर, आजार झाला की "देवाचा न्याय झाला" म्हणणं. लूक १३:१-५: शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती काय? "नाही." योहान ९:३ मध्येही तेच. शेवटचा न्याय निश्चित आहे म्हणूनच मधल्या घटनांवरून निकाल वाचायचा अधिकार आपल्याला नाही.

आणि ज्यांना इथे कुठलंच कोर्ट मिळालं नाही त्यांच्यासाठी हा दिवस काय आहे, हे नाशिकमध्ये बसून शिकवताना शरणपूरच सांगा. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेल्या या वस्तीत पूर्व आफ्रिकेतून पकडून नेलेली, गुलामांच्या जहाजांवरून सुटलेली मुलं आणून शिकवली गेली. जेकब वेनराइट त्यांतला एक. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनाला हजर होता. त्याचं नाव तरी राहिलं. त्या जहाजांवर वाटेत मेलेल्यांची नावंसुद्धा कुठे नाहीत आणि त्यांच्या वतीने कोणी कधी फिर्याद केली नाही. प्रकटीकरण २०:१३ त्यांच्याविषयी बोलतं: समुद्राने आपल्यामधल्या मृतांना बाहेर दिलं. हे वचन धमकी म्हणून वाचायची सवय मोडा. स्तोत्र ९६:११-१३ मध्ये देव न्याय करायला येतोय म्हणून शेतं आणि रानातली झाडं आनंदाने गातात. आधी हे स्तोत्र मोठ्याने वाचून घ्या, मग प्रकटीकरण.

आमोस ८:५ पण जोडता आलं तर बघा: एफा (धान्याचं माप) लहान, शेकेल (वजन) मोठा, तराजू खोटा. मार्केट यार्डात काम करणाऱ्या घरांतल्या मुलांना मापात मारणं म्हणजे काय ते चांगलं ठाऊक असतं.

शरणपूररोड_वाचक

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. क्रम असा धरतो: पहिला रविवार कृत्ये १७ आणि लूक २३. दुसरा रोम २-३, लेवीय ६ आणि जक्कय. तिसरा निदण, विधवा, आणि कायदा_आणि_कृपा यांनी सांगितल्याप्रमाणे देवावर सोडायचं काय आणि नाही काय. चौथा मत्तय २५, स्तोत्र ९६, प्रकटीकरण २०. एकच शिल्लक आहे: ज्यांनी येशूचं नावच ऐकलं नाही त्यांचं काय? मित्र बसलेले असताना हा प्रश्न येतोच, आणि तो "माझ्या आजीचं काय" असा येतो.

जुनाकरार

आजीचा निकाल सांगायला कोणीही बसू नका. "ती नरकात" नाही आणि "काळजी करू नकोस, सगळे जातात" हेही नाही. दोन्हीत आपण त्या आसनावर चढतो. वर्गात सांगता येतात त्या गोष्टी अशा. उत्पत्ती १८:२५, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, हा अब्राहामाचा प्रश्न सदोमेसाठी आहे, म्हणजे परक्यांसाठी. लूक १२:४७-४८, धन्याची इच्छा माहीत असून न करणाऱ्याला पुष्कळ फटके, माहीत नसणाऱ्याला थोडे. म्हणजे मिळालेल्या प्रकाशाप्रमाणे हिशेब. मत्तय ११:२०-२४, सोर आणि सिदोनला खोराजिन आणि बेथसैदापेक्षा, आणि सदोमला कफर्णहूमपेक्षा सोपं जाईल, आणि कफर्णहूम तर येशूचं राहण्याचं गाव. रोम २:१२-१६, नियमशास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणात लिहिलेलं आणि त्यांच्या विवेकाची साक्ष. याच्या पुढे मंडळ्यांत मतभेद आहेत: विवेकाचा हा प्रकाश तारायला पुरतो की फक्त दोषी ठरवायला. कॅथलिक शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून, म्हणजे १९६४ पासून, तारणाची शक्यता उघड मान्य करते. बऱ्याच इव्हँजेलिकल मंडळ्या करत नाहीत. तुमची मंडळी काय मानते ते पाळकसाहेबांना आधी विचारून ठेवा, वर्गात ऐनवेळी दोन वेगळी उत्तरं येऊ नयेत.

हा भाग दुसऱ्या रविवारी, रोम २ बरोबरच घ्या आणि २:१६ ला थांबा. वचन १७ पासून पौल धर्म माहीत असणाऱ्यांकडे वळतो, म्हणजे आपल्याकडे. तो तुकडा संघातल्या बाप्तिस्मा झालेल्या मुलांना घरून वाचून यायला द्या. तिसऱ्या रविवारी त्यावर दहा मिनिटं लागतीलच, तेव्हा विधवेचा दाखला थोडा आवरता घ्यावा लागेल. निदणाला पंधरा, तिला दहा, आणि तक्रार कुठे करायची यावर उरलेली दहा. त्या दहांना कात्री लावू नका.